दक्षता समितीतली खुर्ची नेमकी कोणासाठी? सातारा-सांगलीच्या तरुणांनी विचारायचे प्रश्न

जून २०२३ मध्ये मिरज तालुक्यातील बेडग गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वागत कमान पाडली गेली. त्यानंतर गावातील आंबेडकरी कुटुंबांनी घरांना कुलपे लावली, मुलाबाळांसह गाव सोडले आणि मुंबईचा रस्ता धरला. सारा महाराष्ट्र त्या मोर्चाकडे पाहत होता. सरकारला चर्चेला बसावे लागले, आश्वासने द्यावी लागली. त्या कुटुंबांच्या जिद्दीला आम्ही तेव्हाही जय भीम केला होता, आजही करतो.

पण त्या मोर्चाने एक प्रश्न मागे ठेवला आहे. बेडगहून विजयनगरचे जिल्हाधिकारी कार्यालय फार लांब नाही. त्याच कार्यालयात, कायद्यानेच तयार झालेली एक समिती आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात आणि आपल्या समाजातील सामान्य माणसांसाठीही तिच्यात जागा राखलेली आहे. असे असताना पीडितांच्या मनात आधी मुंबई येते, ही समिती येत नाही. दोष पीडितांचा नाही. ही समिती समाजाच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाही, हे त्याचे कारण आहे.

म्हणून आज तिच्याविषयी आणि तिच्यात विनामोबदला बसणाऱ्या अशासकीय सदस्यांविषयी बोलू.

समिती म्हणजे काय?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याचे नियम १९९५ मध्ये आले. या नियमांतील सतराव्या नियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समिती नेमणे जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. खासदार, आमदार, पोलीस अधीक्षक, अनुसूचित जाती-जमातींतील तीन राजपत्रित अधिकारी हे तिचे सदस्य. समाजकल्याण विभागाचे जिल्ह्यातील अधिकारी सदस्य सचिव. यांच्याबरोबर अनुसूचित जाती-जमातींतील जास्तीत जास्त पाच अशासकीय सदस्य आणि सामाजिक संस्थांशी संबंधित असे इतर समाजांतील जास्तीत जास्त तीन सदस्य.

समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. कायद्याची अंमलबजावणी, पीडितांना मिळणारी मदत व पुनर्वसन, खटल्यांची स्थिती आणि अधिकाऱ्यांनी बजावलेली भूमिका या सगळ्याचा आढावा घेणे हे तिचे काम. २०१३ च्या दुरुस्तीने अशीच समिती उपविभाग पातळीवरही आली. म्हणजे प्रांताधिकाऱ्यांच्या टेबलाभोवतीही आपल्या माणसांना बसण्याची सोय आहे.

साताऱ्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा समित्या धरल्या तर जास्तीत जास्त सोळा अशासकीय सदस्यांना जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना समोरासमोर प्रश्न विचारता येतो. उपविभागांतल्या जागा त्याहून वेगळ्या. ही माणसे कोण आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ग्रामपंचायतीचा सदस्य कोण हे आपण झोपेतही सांगू.

या मातीचा आणि या कायद्याचा संबंध

सातारा आणि सांगली म्हणजे पुरोगामी परंपरेचे जिल्हे, असे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवले. वाळवा तालुक्यातील वाटेगावने अण्णा भाऊ साठे दिले.

पण याच साताऱ्याहून मसूरला उतरून वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला स्टेशनात जात कळताच गाडीवान मिळेना, हेही याच मातीतले. माण तालुक्यातील कुळकजाई येथे २००७ मध्ये विहीर खोदण्याच्या वादातून एका दलित शेतकऱ्याचा खून झाला. पाटण तालुक्यातील मुळगाव येथे जानेवारी २०१२ मध्ये मुलाच्या प्रेमप्रकरणाचा राग त्याच्या आईवर काढला गेला. तिला मारहाण करून विवस्त्र करण्यात आले. पाणी, जमीन, लग्न, कमान, मिरवणूक, पुतळा. निमित्त बदलते, मागचे कारण बदलत नाही.

अत्याचार प्रतिबंध कायद्यावरची गेल्या दशकातली सर्वांत मोठी लढाईही कराडमधूनच सुरू झाली, हे अनेक तरुणांना माहीत नसते. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याने गोपनीय अहवालातील शेऱ्यांवरून वरिष्ठांविरुद्ध २००६ मध्ये फिर्याद दिली. ते प्रकरण वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० मार्च २०१८ रोजी ‘सुभाष काशिनाथ महाजन’ निकाल आला. गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी आणि अटकपूर्व जामिनाची मोकळी वाट, असा त्याचा अर्थ होता. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून प्राथमिक चौकशी आणि पूर्वमंजुरीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरवले.

म्हणजे रस्त्यावर उतरून आपण कायदा वाचवला. पण कायदा वाचवणे वेगळे आणि तो चालवणे वेगळे. चालवण्याचे काम दर तीन महिन्यांनी, कागद हातात घेऊन, कंटाळा न करता करावे लागते. तिथे आपण कमी पडतो.

सदस्याला काय करता येते, काय नाही

आधी गैरसमज दूर करू. ही समिती म्हणजे न्यायालय नव्हे. ती कोणाला दोषी ठरवू शकत नाही, कोणाला अटक करा असा हुकूम देऊ शकत नाही. फिर्यादी आणि आरोपी यांच्यात तडजोड घडवणे हे तर तिचे काम अजिबात नाही. तिच्याकडे एकच हत्यार आहे, प्रश्न. पण प्रश्न नेमका असेल आणि इतिवृत्तात नोंदवला गेला असेल, तर त्याचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते.

नेमका प्रश्न कायद्यातल्या मुदतींवरून तयार होतो. त्या मुदती पाठ असल्या पाहिजेत. तपास पूर्ण करून दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल झाले पाहिजे. तातडीची मदत सात दिवसांत पोचली पाहिजे. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे अर्थसहाय्य गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात एक लाख रुपये असतात. त्यातले पंचवीस टक्के गुन्हा नोंदताच, पन्नास टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेले पंचवीस टक्के शिक्षा झाल्यावर. खुनाच्या प्रकरणात अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि अर्धी दोषारोपपत्रानंतर. पीडितांना आणि साक्षीदारांना तारखेला येण्याजाण्याचा खर्च व भत्ता मिळण्याची तरतूद नियमांतच आहे.

आता विचार करा. जतच्या दुष्काळी भागातील किंवा पाटणच्या डोंगरातील मजूर बाई साक्षीसाठी येते तेव्हा दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि गावात परत गेल्यावर डोळे वटारले जातात ते वेगळेच. चौथ्या तारखेला ती आली नाही तर लोक म्हणतात, फिर्यादी फितूर झाली. तिला भत्ता मिळाला होता का, हा प्रश्न कोणी विचारला? तो विचारण्यासाठीच समितीतली खुर्ची आहे.

दुसरा प्रश्न जामिनाचा. २०१५ च्या दुरुस्तीने, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, कलम १५-अ आले. त्याप्रमाणे जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘हरिराम भांभी’ प्रकरणात हा हक्क बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. जिल्ह्यात किती प्रकरणांत पीडिताला अशी सूचना मिळाली, हा आकडा दर बैठकीत मागता येतो. त्याच कलमात पीडिताला सामाजिक संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्कही आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात सोबत गेलेल्या कार्यकर्त्याला ‘तुझा काय संबंध’ असे विचारून बाहेर काढता येत नाही.

तिसरा प्रश्न कर्तव्यात कसूर करणाऱ्यांचा. तोंडी फिर्याद लिहून न घेणे, लिहिलेली वाचून न दाखवणे, गुन्हा न नोंदवणे, प्रत न देणे, चुकीची कलमे लावणे. हे जाणूनबुजून केले तर कलम ४ प्रमाणे लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. ती चौकशी किती वेळा सुरू झाली, हे समितीत विचारता येते.

खुर्ची वाया कशी जाते

अशासकीय सदस्यत्व वाया जाण्याचे तीन ठरलेले मार्ग आहेत.

पहिला, ओळखपत्राचा. सदस्यपद मिळाले की गाडीवर पाटी, लेटरहेडवर पदनाम, जयंतीच्या फलकावर फोटो. बैठकीत मात्र सही, चहा आणि ‘पुढील विषय’. पक्षाच्या शिफारशीवर आलेला माणूस पक्षाला अडचणीचा प्रश्न विचारेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसरा मार्ग मध्यस्थीचा, आणि तो अधिक घातक आहे. गावात वातावरण बिघडायला नको, दोन्हीकडची पोरे आपलीच, असे म्हणत सदस्यच फिर्यादीच्या घरी जाऊन बसतो. समोरून दरोड्याचा किंवा विनयभंगाचा उलट गुन्हा दाखल झालेला असतो. मग ‘तुम्ही मागे घ्या, ते मागे घेतील’ असा हिशेब मांडला जातो. समिती ज्यासाठी नेमली त्याच्या हे नेमके उलट आहे. अशी प्रकरणे कोर्टात पडली की तीच ‘खोट्या गुन्ह्यां’च्या यादीत मोजली जातात आणि कायद्याच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. निर्दोष सुटका म्हणजे खोटी फिर्याद नव्हे, हे वाक्य आपण घरोघर पोचवले पाहिजे.

तिसरा मार्ग आपल्यापुरते पाहण्याचा. समितीतला सदस्य बौद्ध असेल तर तो फक्त बौद्धवाड्याचा प्रतिनिधी नसतो. मातंग कुटुंबाला बँडच्या पैशावरून झालेली मारहाण, पारधी पालावर पडलेला रात्रीचा छापा, जावळी-वाईकडच्या कातकऱ्यांची वेठ, ही प्रकरणेही त्याच्याच टेबलावरची आहेत. आपल्या विहारात मैत्री भावना म्हणतो ती इथे कसाला लागते. आपल्या जातीच्या फाईलसाठी आवाज चढवणारा आणि शेजारच्या वस्तीच्या फाईलवर गप्प बसणारा सदस्य बाबासाहेबांचा अनुयायी कसा म्हणावा?

समुद्रापलीकडे एक नजर

अमेरिकेतील अनेक शहरांत नागरिकांची मानवी हक्क किंवा समान हक्क आयोग मंडळे असतात. त्यांचे सदस्यही पगारी नसतात, स्वयंसेवक असतात. त्यांनाही शिक्षा करण्याचा अधिकार नसतो. तरी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याच्या मानवी हक्क आयोगाने २०२१ मध्ये जातिभेदावर खुली सुनावणी घेतली आणि तिथल्या आंबेडकरी लोकांनी आपले अनुभव नोंदवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी फ्रेस्नो शहराने तेच केले. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरून अडवले.

यातून आम्ही एक गोष्ट घेतो. कॅलिफोर्नियात अशा मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका बहात्तर तास आधी लोकांसमोर लावावी लागते आणि बैठकीत सामान्य माणसाला बोलता येते. आपली समिती कागदावर त्यांच्यापेक्षा वजनदार आहे, कारण तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक स्वतः बसतात. पण तिची बैठक कधी झाली, काय ठरले, हे तालुक्याच्या गावात कळत नाही. दार बंद असले की खुर्चीचे वजन आतल्या आत विरघळते.

शहर सुटलेले नाही

अत्याचार म्हटले की आपल्याला गाव आठवते. पण सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून महानगरपालिका आहे, सातारा, कराड ही शहरे वाढत आहेत. इथे आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारली जाते, कॉलेजच्या वसतिगृहात टोमणे ऐकावे लागतात आणि गटारात अजून माणसे उतरवली जाण्याचा धोका संपलेला नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यातही जिल्हा दक्षता समिती आहे. तिच्यात चारपर्यंत सामाजिक कार्यकर्ते घेता येतात आणि त्यांतील दोन स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी भरपाई तीस लाखांवर नेली. ती मिळवून देणारा माणूस समितीत असला पाहिजे.

स्त्रियांची हीच अट अत्याचार प्रतिबंध समितीसाठी आपण स्वतःहून धरली पाहिजे. मुळगावसारख्या घटनेत पीडित बाई पुरुषांनी भरलेल्या टेबलासमोर काय आणि किती सांगेल? आपल्या महिला मंडळांत, बचत गटांत, धम्म शिबिरांत तयार झालेल्या कितीतरी बायका आज पोलीस ठाण्याची पायरी न घाबरता चढतात. यादी पाठवायची वेळ आली की मात्र नावे पुरुषांचीच जातात.

आता करायचे काय?

पहिले काम माहिती मागण्याचे. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज छोटा आणि नेमका हवा. गेल्या तीन वर्षांत जिल्हा समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती द्या, इतकेच मागा. तीन वर्षांत किमान बारा बैठका व्हायला हव्यात. झाल्या तर चांगलेच. झाल्या नसतील तर कागद आपल्या हाती येतो. उपविभागीय समितीसाठी प्रांत कार्यालयात वेगळा अर्ज करा.

दुसरे काम नोंदीचे. प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन तरुणांनी एक वही घालावी. गुन्हा नोंदल्याची तारीख, कलमे, साठावा दिवस कोणता, अर्थसहाय्याचा कोणता हप्ता आला, पुढची तारीख काय. पीडिताची संमती असेल तरच, आणि नाव बाहेर न फोडता. या वहीची एक प्रत बैठकीपूर्वी सदस्याच्या हाती द्या. भाषणाने अधिकारी हलत नाही. ‘अमुक गुन्ह्याला आज एकशे दहा दिवस झाले’ या वाक्याने हलतो.

तिसरे काम हिशेबाचे. बैठक झाली की सदस्याने विहारात येऊन सांगावे, काय विचारले आणि काय उत्तर मिळाले. येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावे. सन्मानाने जावे, पण जावे. नव्या नेमणुकीच्या वेळी पक्षाच्या कार्यालयातून नाव जाण्याची वाट न पाहता कायदा जाणणाऱ्या, वस्त्यांत फिरणाऱ्या, तडजोडीला नकार देऊ शकणाऱ्या माणसांची नावे लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावीत.

आणि तातडीच्या प्रसंगी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाईन डिसेंबर २०२१ पासून चालू आहे, हे प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे नोंदलेले गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते, २०२२ मध्ये ५७,५८२ झाले. यातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून वाट पाहिली आहे. मोर्चे लागतील तेव्हा निघतीलच. आपल्या समाजाला चालायला शिकवावे लागत नाही. पण दर वेळी लेकराबाळांना घेऊन मुंबईपर्यंत चालायला लागू नये, यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणची खुर्ची जागी ठेवावी लागेल. सातारा-सांगलीतील तरुणांनी पुढच्या तिमाही बैठकीची तारीख आधी शोधून काढावी. काम तिथून सुरू होते.

जय भीम.